खेळतं पाणी

प्रवाहाविरुद्ध पोहायला शिका, असं सांगणारा माणूस भेटला की मी आधी त्याच्या पायांकडे बघतो. ते नेहमी कोरडे असतात. बक्षीस समारंभात, निरोप समारंभात आणि एकदा तर लग्नाच्या पंगतीत जिलबीचं ताट येईपर्यंतच्या वेळात मी हा उपदेश मुकाट्यानं ऐकून घेतलेला आहे. माझं त्यात काही बिघडत नव्हतं. मला पोहता येत नाही. पण हाच उपदेश एका माशाला लागू करण्यात आला, आणि तोही माझ्या हातून, तेव्हापासून मात्र या विषयावर मला गप्प बसवत नाही.

मासा बोटभर लांब, निळाशार, फायटर जातीचा. मुलीनं दहावीचा शेवटचा पेपर टाकला आणि हट्टानं तो घरी आणला. दुकानात तो लोणच्याच्या बरणीएवढ्या बाटलीत उभा होता. उभाच, वळायला जागा नव्हती. त्याच्याबरोबर आम्हांला 20 लिटरची काचेची टाकी, गुलाबी खडे, आपोआप तोंड उघडमीट करणारी प्लास्टिकची शिंपली आणि एक मोटर घ्यावी लागली. "साहेब, पाणी खेळतं राहिलं पाहिजे," दुकानदार म्हणाला. इतका वेळ त्याच माशाला त्यानं निश्चल बाटलीत उभं केलं होतं हे त्या क्षणी माझ्या लक्षात आलं नाही. खरेदी करताना माझ्या कधीच काही लक्षात येत नाही.

मोटरीच्या खोक्यावर ताशी 600 लिटर असं छापलेलं होतं. मला ते स्वस्त वाटलं. एवढ्या पैशांत एवढे लिटर! 600 भागिले 20 हे गणित मी नंतर केलं. टाकीतलं सगळं पाणी तासाला तीस वेळा, म्हणजे दर दोन मिनिटांनी एकदा, त्या मोटरीतून जाणार. आमच्या दिवाणखान्यातली हवा दर दोन मिनिटांनी कोणी अशी बदलायला लागलं तर वर्तमानपत्र, पडदे आणि पाठोपाठ मी गॅलरीतून खाली गेलो असतो.

पहिल्या दिवशी मासा टाकीभर गरगर फिरला. आम्ही टाळ्या वाजवल्या. "बाबा, किती ॲक्टिव्ह आहे!" मुलगी म्हणाली. आमचे साडू त्या वेळी चहाला आलेले होते. त्यांनी हयात धरणांवरच्या नोकरीत घालवली. आयुष्यभर ज्या माणसानं पाणी अडवलं, त्याला म्हातारपणी वाहत्या पाण्याचा असा उमाळा यावा! "अहो, व्यायाम होतो त्याला," ते म्हणाले. "झगडल्याशिवाय अंगात ताकद येत नाही." साडू पहिल्या मजल्यावर राहतात आणि लिफ्टनं जातात.

चौथ्या दिवशी मासा शिंपलीमागच्या फटीत जाऊन बसला. पर अंगाला चिकटवलेले, शेपटीच्या कडा फाटलेल्या. खाण्याचे दाणे टाकले की ते प्रवाहाबरोबर त्याच्या तोंडासमोरून निघून जात. त्याची नजर त्यांच्यामागे जाई, तो जात नसे. "त्याला बरं नाहीये," सौभाग्यवती म्हणाल्या. आमच्या घरात निदान बरोबर आणि उपाय चुकीचा अशीच विभागणी आहे. निदान त्यांच्याकडे असतं. मी साडूंना फोन केला. "मुरेल," ते म्हणाले.

आता मुख्य अपराध सांगतो. आमच्याकडे गुरुवारी अधूनमधून दुरुस्तीसाठी वीज जाते. त्या गुरुवारी ती सकाळी दहाला गेली, मोटर थांबली, आणि दुपारी बघतो तर टाकीच्या कोपऱ्यात पाण्यावर बारीक बुडबुड्यांचा फेस साचलेला. बघा, पाणी थांबलं की लगेच घाण धरतं! मी चहाची जुनी गाळणी घेतली आणि सगळा फेस काढून बेसिनमध्ये टाकला. मासा शिंपलीबाहेर आला होता आणि गाळणीवर धावून येत होता. मला वाटलं, खेळतोय. संध्याकाळी वीज आली. मी स्वतः बटण दाबलं.

तो फेस म्हणजे घरटं होतं. फायटरचा नर तोंडानं हवा घेऊन, चिकट लाळेत गुंडाळून, एकेक बुडबुडा पाण्याच्या पृष्ठभागाला चिकटवत घर बांधतो. मादी नसली तरी बांधतो. मादी असली तर तिनं टाकलेली अंडी तोच तोंडात वेचून त्या फेसात नेऊन ठेवतो आणि खाली पहारा देतो. यासाठी त्याला एकच गोष्ट लागते, ती म्हणजे न हलणारं पाणी. ती त्याला वीज गेली तेव्हा काही तास मिळाली आणि तेवढ्यात त्यानं घर बांधलं. मी ते गाळणीनं उपसलं. आमच्या सोसायटीच्या पुनर्विकासाची अकरा वर्षं वाट बघणाऱ्या माणसानं हे करावं!

मग मात्र मी वाचायला बसलो. हा मासा मूळचा सयामचा, आजच्या थायलंडचा. भातखाचरं, पाणवनस्पतींनी भरलेल्या दलदली, मंद वाहणारे चर, ही त्याची वस्ती. 2019 साली थायलंडनं त्याला राष्ट्रीय जलचर म्हणून जाहीर केलं. रानातल्या फायटरला हा घोळदार पिसारा नसतो. तो माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या निवडून निवडून वाढवला. म्हणजे आधी त्याला नऊवारी नेसवायची आणि मग वादळात उभं करून म्हणायचं, चल, झगड! शिवाय त्याच्या डोक्यात, कल्ल्यांच्या वर, हवा श्वसनासाठी एक खास इंद्रिय असतं. उथळ, कोमट पाण्यात प्राणवायू कमी, म्हणून तो अधूनमधून वर येऊन हवेचा घोट घेतो. त्याला वर येऊच दिलं नाही तर तो गुदमरतो. मासा पाण्यात बुडून मरू शकतो, हे मला पन्नाशीनंतर कळलं.

हे सगळं मी साडूंना सांगितलं. त्यांनी लगेच बाजू बदलली. "मग तुमच्या त्या बाटलीतच ठीक होता की! डबक्यातलाच मासा तो." हा दुसरा पक्ष पहिल्यापेक्षा घातकी, कारण त्याला निम्मी माहिती असते. अहो, भातखाचर उथळ असतं, पण ते बाटलीएवढं नसतं. एकराएकरांनी पसरलेलं असतं. आणि माशाच्या अंगातून अमोनिया बाहेर पडतो, तो विषारी. स्पंजात राहणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग बऱ्याच निरुपद्रवी नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. त्या जिवाणूंपर्यंत पाणी पोचवायला थोडासा प्रवाह हवाच. थोडासा! झुळूक आणि चक्रीवादळ दोन्ही वाराच; पण कपडे वाळत घालताना आपण फरक करतो की नाही?

आणि बुडबुड्यांची भक्ती तर विचारू नका. जितके बुडबुडे जास्त तितका प्राणवायू जास्त, असं समजून लोक टाकीचा सोडावॉटर करतात. बुडबुडा पाण्यातून वर येतो तेवढ्या वेळात फारसं काही देत नाही. पाण्याचा पृष्ठभाग हलतो, तिथे हवेची देवघेव होते. तेवढं हललं की झालं. 20 अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशांना साडेसातच, म्हणून मे महिन्यात माशांची पंचाईत होते. पण ती गोल्डफिशची पंचाईत. त्या बिचाऱ्याला लोक गोल काचेच्या भांड्यात, न हलणाऱ्या पाण्यात ठेवतात आणि तो तोंड वर काढून धापा टाकायला लागला की म्हणतात, बघ, बोलतोय! ज्याला हलतं पाणी हवं त्याला थांबलेलं, आणि ज्याला थांबलेलं हवं त्याला पूर. वाटप करणारा आपल्यासारखाच कोणी असला पाहिजे.

झगडणारे मासेही असतात. आपल्या सह्याद्रीच्या ओढ्यांत खडकाला पोट चिकटवून, धो धो पाण्यात आरामात चरणारे चपटे मासे आहेत. केरळच्या वेगवान नद्यांतला तो लाल पट्ट्याचा डेनिसन बार्ब घ्या, त्याला थोराड लांब टाकी आणि जोरदार प्रवाह द्या, तो खूश. अशांसाठी ती मोटर जरूर लावा. पण ते प्रवाहाविरुद्ध पोहतात ते कोणी भाषण केलं म्हणून नव्हे. त्यांचं अंगच तसं आहे. साडूंना मी विचारलं, "तुम्हांला उद्या कोणी हिवाळी ओढ्यात खडकाला चिकटवलं तर?" ते म्हणाले, चहा गार झालाय.

मोटर मी काढली. तिच्या जागी हवेच्या छोट्या पंपावर चालणारा स्पंजचा फिल्टर लावला आणि नळीवरची चावी आवळत आवळत पृष्ठभागावर जेमतेम थरथर राहील इतकी हवा ठेवली. शिंपलीही काढली, तिथे एक रुंद पानांचं रोप लावलं. चारपाच दिवस मासा पानाखाली नुसता आडवा पडून होता आणि आम्ही घरात पावलं न वाजवता चालत होतो. मुलीनं माझ्याशी बोलणं टाकलं होतं. सहाव्या दिवशी त्यानं दाणा खाल्ला. शेपटीच्या फाटलेल्या कडांवर आता पारदर्शक नवा पडदा येतोय, पण पूर्वीचा घोळ काही आलेला नाही.

परवा साडू आले. टाकीसमोर वाकून बराच वेळ बघत राहिले. "आळशी झालाय तुमचा मासा," ते म्हणाले. "आणि कोपऱ्यात फेस आलाय बघा. काढा तो."

चहाची जुनी गाळणी त्या दिवसापासून सौभाग्यवतींनी कुलुपात ठेवलेली आहे. किल्ली मुलीकडे असते.