मामा, काटा खाली आला!

यंदा गणपतीच्या सामानाची यादी झाली, तिच्यात कापूर, वाती, गूळ, तांदळाची पिठी यांच्या खाली आमच्या भाच्याच्या अक्षरात ‘तीन मीटर’ असे लिहिलेले आढळले. सौ.नी विचारले, “कापड कसलं आणायचं? आणि कुणाला?” भाचा हसून लोळायचाच बाकी राहिला. त्याला हवे होते ते मीटर कापडाचे नव्हेत; त्याच्या डिझेल पिकअप गाडीत बसवायचे, निळ्या दिव्याचे, काटे हलणारे मीटर होते. एक टर्बोच्या दाबाचा, एक धुराच्या उष्णतेचा आणि एक बॅटरीचा.

हा विषय दिवाळी अंकात कशाला, असे आमच्या वाचक भगिनींना वाटेल. पण हल्ली प्रत्येक नात्यागोत्यात कर्ज काढून घेतलेली एखादी गाडी असते, आणि कुणीतरी मामा-काका तिला जामीन असतो. तासगावच्या या गाडीला जामीन मी आहे. तेव्हा तिच्या इंजिनाच्या पोटात काय चालले आहे, हा माझ्याही झोपेचा प्रश्न आहे. शिवाय माझ्या हातून एक अपराध घडलेला आहे. तो आधी सांगतो.

मार्च २०२५ ची गोष्ट. भाचा द्राक्षांच्या चार-चार किलोच्या पेट्या भरून पाचगणीला निघाला होता. कऱ्हाड, सातारा, पाचवड, वाई असे करीत तो पसरणीच्या घाटाला लागला. दुपारचे दोन. मी साताऱ्यात जेवून नुकता आडवा झालो होतो, तोच फोन. “मामा, टेंपरेचरचा काटा लई वर चढला होता. गाडी बाजूला घेतली तर आपोआप खाली आला की! निघू का?” मी जन्मभर कचेरीत बसलेला माणूस, पण घरात यंत्रातले कळणारा असा माझा लौकिक आहे, आणि तो मी कधी नाकारलेला नाही. म्हणालो, “खाली आला ना? मग निघ.”

दोन वळणे गेली आणि इंजिनाने मान टाकली. बॉनेटमधून वाफ, खाली धोमचे पाणी चमकते आहे आणि वर उन्हात द्राक्षे. निम्म्या पेट्या दुसऱ्या टेंपोने गेल्या. उरलेल्या वाईत मिळेल त्या भावाने दिल्या. हेड गॅस्केट गेलेले, हेड वाकलेले. दहा दिवस गाडी गॅरेजात, बिल साठ हजारांच्या घरात, दोन हप्ते थकले आणि बँकेचे पत्र माझ्या पत्त्यावर आले. ताई मला एका शब्दाने बोलली नाही. तेच जास्त लागले.

झाले होते ते असे. होस पाइपच्या क्लिपेतून महिनाभर थेंब थेंब पाणी जात होते. टेंपरेचरचा सेन्सर पाण्यात बुडालेला असतो, आणि तो सांगतो ते पाण्याचे तापमान. घाटात पाणी उकळले, पातळी सेन्सरच्या खाली गेली, तो कोरडा पडला आणि काटा खाली आला. म्हणजे इंजिन थंड झाले नव्हते. निरोप्याच पाण्याबाहेर पडला होता. वाईच्या मिस्त्रींनी हे मला सांगितले तेव्हा मी चहाचा कप खाली ठेवला.

खरे पाहता आपला हा मुलूख डिझेल इंजिनाला नवखा नाही. किर्लोस्करवाडी १९१० साली वसली, साताऱ्यात कूपरांचा कारखाना उभा राहिला, आणि सांगली-साताऱ्याच्या विहिरींवर ऑइल इंजिनांचा ठकठकाट घुमू लागला. माझे आजोबा अशा इंजिनाशेजारी बसत, तेव्हा अधूनमधून एका बारीक नळीखाली हात धरीत. विहिरीचे पाणी इंजिनाभोवती फिरून त्या नळीतून बाहेर पडे. हाताला कोमट लागले की ठीक; चटका बसला किंवा धार तुटली की इंजिन बंद. धारेवरून पाणी कळे, हातावरून उष्णता कळे, आणि आवाज बदलला तर कानाला कळे. आजच्या गाडीत काचा वर, गाणी चालू, आणि हात पोचेल अशी नळी नाही.

म्हणून भाच्याच्या यादीवर आम्ही दोघे बसलो. मी एकच कसोटी लावली: काटा हलला तर ड्रायव्हरने काय करायचे? ज्या काट्यापाशी हुकूम नाही, तो शोभेचा.

टर्बोच्या दाबाचा मीटर पाहायला मोठा गमतीचा. पण दाब कमी झाला तर कुठे हवा गळते आहे हे मिस्त्रीने शोधायचे असते. घाटात ड्रायव्हर काय करणार? धुराच्या उष्णतेचा मीटर, ज्याला पायरोमीटर म्हणतात, तो कामाचा खरा. टर्बोच्या आधी धूर सातशे अंशांपलीकडे फार वेळ राहिला तर पिस्टनला धोका, कारण ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते. आणि तिथे हुकूमही आहे, पाय सैल करा, खालचा गिअर टाका. परंतु त्यासाठी मॅनिफोल्डला भोक पाडावे लागते आणि लोखंडाचा चुरा टर्बोत गेला तर उपायापेक्षा अपाय मोठा. ज्यांनी ताकद वाढवण्यासाठी इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये फेरफार केले आहेत, त्यांनी तो अवश्य बसवावा. आमची गाडी जशी शोरूममधून आली तशीच आहे. बॅटरीचा मीटर मी एका वाक्यात उडवला, भाचा थोडा रुसला.

उरले दोन, आणि ते यादीत नव्हतेच! पहिला ऑइलच्या दाबाचा. गाडीत तांबडा दिवा असतो, पण बहुतेक गाड्यांत तो दाब पार तळाला गेल्यावर लागतो. काटा असेल तर रोजच्या वळणावर रोजच्यापेक्षा कमी दिसला, एवढ्यावरून सावध होता येते. आणि काटा पडला तर हुकूम एकच: तत्क्षणी इंजिन बंद. (चावी फिरवल्यावर, इंजिन सुरू होण्याआधी, तो तांबडा दिवा लागतो का हे आजच पाहा. लागत नसेल तर तो वेळेलाही लागणार नाही.)

दुसरा उष्णतेचा, पण पाण्याचा नव्हे, धातूचा. हेडच्या बोल्टाखाली बसणारी कडी आणि तिला जोडलेला मीटर, बझरसह. पाणी असो वा नसो, धातू तापला की तो बोंब मारतो. गाडीच्या सॉकेटात खोचायचे स्वस्त यंत्रही मिळते, ते पाण्याचा खरा आकडा दाखवते, आणि डॅशबोर्डावरच्या काट्यापेक्षा ते बरे. कारण पुष्कळ गाड्यांचा काटा ७५ पासून १०५ पर्यंत मुद्दाम मध्यावरच उभा ठेवलेला असतो. पण ते यंत्रही त्याच बुडालेल्या सेन्सरचे ऐकते, तेव्हा पसरणीत त्यानेही आम्हाला फसवलेच असते.

खरेदी सांगलीत झाली. दुकानदाराने नळीतून ऑइल थेट केबिनमध्ये आणणारा मीटर स्वस्त म्हणून दाखवला. नळी फुटली तर उकळते ऑइल मांडीवर. आम्ही तारेचा घेतला. मिरजेच्या मिस्त्रींनी सेन्सर बसवताना आट्यांवर पांढरी टेप गुंडाळू दिली नाही. एकतारी सेन्सरची अर्थिंग त्या आट्यांतूनच होते. टेप जाड झाली की काटा खोटे बोलतो. आणि मीटर एका कंपनीचा, सेन्सर दुसऱ्याचा, ही जोडीही त्यांनी परत पाठवली.

पहिला आठवडा भाच्याने वहीत आकडे लिहिले: सपाटीला किती, यवतेश्वरच्या चढाला किती, भरल्या गाडीने किती. धातूचा आकडा पाण्याच्या आकड्याहून वेगळा पडतो, म्हणून आपल्या गाडीचा नेहमीचा आकडा माहीत हवा. त्यावर थोडी सूट धरून मग बझर लावला.

परवा तो पुन्हा पसरणीच्या घाटातून बोलला, गाडी बाजूला उभी करून. “मामा, बझर वाजायच्या आतच थांबलोय. आकडा नेहमीपेक्षा आठाने जास्त आहे. निघू का?” मी या वेळी लौकिक सांभाळला नाही. म्हणालो, “मला विचारू नकोस. गार होऊ दे, तोवर झाकणाला हात लावू नकोस, मग पाणी बघ.” पाऊण तासाने फोन आला: पाणी दोन बोटे कमी होते, क्लिप पुन्हा सैल. पाणी घालून, क्लिप आवळून तो वर गेला.

तिसऱ्या मीटरचे पैसे वाचले, त्यात सौ.नी गाडीच्या सीटांसाठी कापड आणले. तीन मीटर पुरले नाही, चार लागले.