छोट्या शिपायांच्या फौजेत आमचा शिपाई कुठे?

दिवाळीच्या तोंडावर बाजारात मातीचे मावळे येतात, यात नवीन काही नाही. हातगाडीवर सिंहासनावरचा राजा, दोन भालदार, एक तोफ आणि डझनभर मावळे असा सरंजाम मिळतो आणि अंगणातल्या मातीच्या किल्ल्यावर तो मांडला जातो. नवीन आहे ते वेगळेच. गेल्या काही वर्षांत या मावळ्यांच्या शेजारी रेझिनचे, थ्री-डी छपाईने काढलेले, बारीक ब्रशने रंगवलेले शिपाई येऊन बसले आहेत. ते लहान मुलांच्या किल्ल्यासाठी नाहीत, मोठ्या माणसांच्या काचेच्या कपाटासाठी आहेत. रोमन सैनिक घ्या, नेपोलियनचा घ्या, मोगल घ्या, मराठा घ्या. प्रत्येक काळाची फौज विकत मिळते. ५४ मिलिमीटर, म्हणजे साधारण दोन इंच, हे त्यांचे जगभर चालत आलेले माप. परदेशातून आलेला एक बरा शिपाई घ्यायचा तर आमच्या मालेगावातल्या यंत्रमाग कामगाराचे काही दिवसांचे रोज त्यात जातात.

चळवळीच्या दैनिकात खेळण्यांवर लेख कशाला, असे कोणी विचारील. शिष्यवृत्त्या अडकल्या आहेत, ॲट्रॉसिटीचे खटले वर्षानुवर्षे तुंबले आहेत, आणि हे वकीलसाहेब बाहुल्यांवर लिहितात! प्रश्न रास्त आहे. पण वाचकहो, पुतळ्याचे मोल आपल्याइतके या देशात कोणाला कळले आहे? गावाच्या चौकात बाबासाहेबांचा पुतळा बसावा म्हणून आपल्या माणसांनी लाठ्या खाल्ल्या, बहिष्कार सोसले, तुरुंग पाहिले. पुतळा बसला की तेथे आपला इतिहास उभा राहतो, हे विरोध करणाऱ्यांनाही पक्के ठाऊक होते. मग दोन इंचांचा पुतळा निराळा कसा? उलट तो घरात शिरतो, पोराच्या हातात जातो, आणि शाळेचे पुस्तक उघडण्याआधी त्याला सांगून टाकतो की लढणारे कोण होते आणि कोण नव्हते.

आता जरा मागे जाऊ. खेळण्यातले शिपाई युरोपात फार जुने. जर्मनीतल्या न्यूरेंबर्गचे कथलाचे चपटे शिपाई अठराव्या शतकापासून प्रसिद्ध होते. पण ते घरोघर नेले लंडनच्या विल्यम ब्रिटन यांच्या कारखान्याने. १८९३ साली त्यांनी शिसे पोकळ ओतायची युक्ती काढली. शिसे कमी लागू लागले, वजन घटले, किंमत उतरली. साम्राज्याच्या एकेका पलटणीचा लाल खोका निघू लागला. त्यात हिंदुस्थानी फौजाही आल्या. शीख आले, गुरखे आले, बंगालचे भालाईत घोडेस्वार आले. इंग्रज पोरगा जमिनीवर ही फौज मांडून हिंदुस्थान राखत असे.

आता त्याच सुमाराला आपल्याकडे काय चालले होते ते पाहा. १८९२-९३ च्या सुमारास महारांची सैन्यभरती बंद झाली. सरसेनापती लॉर्ड रॉबर्ट्स आणि त्यांच्या मताच्या अधिकाऱ्यांनी 'लढवय्या जाती' नावाचे शास्त्र काढले होते. काही जाती जन्मानेच शूर आणि बाकीच्या जन्मानेच भित्र्या, असे ते शास्त्र. मनुस्मृतीला हे नवे नव्हते. साहेबाने फक्त त्यावर लष्करी शिक्का मारला. ज्यांच्या आज्या-पणज्यांनी मुंबई इलाख्याच्या पलटणींत पिढ्यान्‌पिढ्या चाकरी केली, सुभेदार-जमादार हुद्द्यापर्यंत जे चढले, त्यांना एका फटक्यात सांगण्यात आले की तुम्ही लढवय्ये नाही. म्हणजे खेळण्यातला शिपाई ज्या दशकात ओतला जाऊ लागला, त्याच दशकात आमचा खरा शिपाई फौजेतून काढला गेला. कारखान्याने कट केला असे आम्ही म्हणत नाही. जी फौज रेजिमेंटच्या यादीत दिसते तीच साच्यात उतरते. यादीतून नाव गेले की साच्यातूनही जाते. आणि खेळण्याचा साचा एकदा पडला की शंभर वर्षे तसाच चालतो.

आजच्या देशी संचांतही हेच. दहा मावळे घ्या, दहांचा चेहरा एक, मिशी एक, तलवार एक. प्रतापगडच्या संचात कधी जिवा महाला असतो, तो प्रसंगच त्याच्यावाचून उभा राहत नाही म्हणून. पण गड म्हणजे काय फक्त तलवार? शिवकालातल्या गडाची व्यवस्था इतिहासकारांनी नोंदवून ठेवली आहे. हवालदार, सबनीस, कारखानीस वर असत. आणि गडाच्या घेऱ्यात, रानात, चोरवाटांवर पहारा असे तो महार, रामोशी, बेरड अशा माणसांचा. शत्रू आला हे पहिल्यांदा त्याला कळायचे आणि पहिला वारही त्यालाच लागायचा. तट बांधणारा बेलदार, पाणी वाहणारा, पालखी उचलणारा, यांच्यापैकी कोणाचा साचा आहे? आणि मुसलमान म्हटला की तो संचात नेहमी समोरच्या बाजूला! आरमारातला दौलतखान स्वराज्याच्या बाजूने उभा असलेला आम्ही कुठल्या संचात पाहिला नाही. मोसम नदीच्या दोन काठांवर दोन समाजांची पोरे वाढतात अशा गावात आम्ही राहतो. या गावाने २००६ आणि २००८ चे बाँबस्फोट पाहिले आहेत. त्यामुळे दुकानातल्या खोक्यात शत्रूला कोणता चेहरा दिला आहे, हा आम्हाला फावल्या वेळचा प्रश्न वाटत नाही.

मालेगावचेच उदाहरण घेऊ. पोरे रायगड करतात, प्रतापगड करतात, पण आपल्या गावातला भुईकोट अंगणात कोणी करीत नाही. पेशव्यांचे सरदार नारोशंकर यांनी अठराव्या शतकाच्या मध्याला तो बांधला. आता त्यात शाळा भरते. १८१८ च्या मे महिन्यात लेफ्टनंट कर्नल मॅकडॉवेल याच्या हाताखाली कंपनीची फौज या किल्ल्यापुढे येऊन थडकली. आत अरब शिपाई होते. जवळजवळ महिनाभर ते चिवटपणे लढले, किल्ल्यातला दारूसाठा उडाला, आणि १३ जून १८१८ रोजी किल्ला पडला. कंपनीचे दोनशेच्या वर माणूस ठार आणि जखमी झाले. त्यानंतर येथे लष्करी छावणी पडली, तिचे नाव आमच्या 'कॅम्प' भागाला आजही चिकटले आहे. हा वेढा कोणी खेळण्यांत मांडायचा म्हटला तर काय दिसेल? पेशव्यांच्या ब्राह्मण सरदाराने बांधलेला किल्ला अरब लढवतो आहे, आणि तो घ्यायला आलेल्या गोऱ्या साहेबाच्या पलटणींत बहुतेक शिपाई याच देशातले आहेत. 'आपले' एका बाजूला आणि 'परके' दुसऱ्या बाजूला असे हिरवे-भगवे खोके करणाऱ्याची येथे पंचाईत होते. खरा इतिहास हा असा पंचाईत करणारा असतो.

त्याच वर्षाच्या पहिल्या दिवशीचा कोरेगाव आपल्याला पाठ आहे. पण पाठ आहे म्हणूनच येथे जपून बोलले पाहिजे. १ जानेवारी १८१८ रोजी कॅप्टन स्टाँटन याच्या हाताखाली मुंबई नेटिव्ह इन्फंट्रीच्या पहिल्या रेजिमेंटची दुसरी पलटण, पाचशेच्या आसपास पायदळ, तीनशेच्या आत घोडेस्वार आणि मद्रास तोफखान्याच्या दोन तोफा एवढे बळ होते. शिरूरहून रात्रभर चालून आलेली ही माणसे दिवसभर अन्नपाण्यावाचून लढली. पेशव्यांची फौज अठ्ठावीस हजार होती असे आपण भाषणांत सांगतो. तेवढी ती छावणीत होती हे खरे. पण गावात घुसून लढायला पाठवलेले पायदळ दोन हजारांच्या आसपास होते आणि त्यात अरब, गोसावी व मराठे होते. स्टाँटनचे पावणेतीनशे लोक मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले. सव्वाआठशेंतले पावणेतीनशे! एवढे पुरेसे नाही काय? हा आकडा खरा असताना फुगवलेला आकडा घेऊन उभे राहायची आपल्याला गरज नाही. कोर्टात एक खोटा साक्षीदार उभा केला की चार खरे साक्षीदार वाया जातात, हे आम्ही रोज पाहतो. २०१८ साली दोनशेव्या वर्षी कोरेगावात काय झाले ते सर्वांना माहीत आहे. त्यानंतर तर या लढाईतला प्रत्येक आकडा उलटतपासणीला लागला आहे.

विजयस्तंभावर पडलेल्या पलटणीच्या ४९ जणांची नावे कोरली आहेत. त्यातली २२ नावे 'नाक' या प्रत्ययाची, म्हणजे महारांची. उरलेल्या नावांत मराठे आहेत, रजपूत आहेत, मुसलमान आहेत. आमचे २२ मोजताना उरलेले २७ पुसायचे नाहीत. आपल्याला पुसणाऱ्यांची रीत आपण कशाला उचलावी?

या स्तंभाच्या प्रतिकृती आता चैत्यभूमीवर, दीक्षाभूमीवर, कोरेगावच्या मानवंदनेला मिळतात. प्लास्टरच्या आहेत, लाकडाच्या आहेत, चावीच्या साखळीलाही आहेत. चांगली गोष्ट आहे. पण स्तंभ म्हणजे दगड. ज्याच्यासाठी तो उभारला त्या माणसाचा चेहरा कुठे आहे? लाल अंगरखा, छातीवर पांढरे आडवे पट्टे, हातात संगिनीची चकमकीची बंदूक, गावातल्या घराच्या भिंतीआड गुडघा टेकून बसलेला, तहानेने ओठ सुकलेला शिपाई. त्याच्या पायाखालच्या तळव्यावर स्तंभावरच्या २२ नावांपैकी एक नाव कोरले, तर ते खेळणे राहणार नाही, दस्तऐवज होईल.

येथे आमच्याच माणसांकडून एक आक्षेप येतो आणि तो मोलाचा आहे. बुद्धाच्या अनुयायांनी घरात बंदूकवाले मांडायचे काय? आणि 'आम्हीही लढवय्ये' म्हणत बसलो तर रॉबर्ट्ससाहेबाचेच शास्त्र आपण उलट बाजूने मान्य केले, असे नाही का होत? होते, जर आपण नुसती तलवार मिरवली तर. म्हणून बाबासाहेबांनी हा इतिहास कसा वापरला ते पाहावे. १ जानेवारी १९२७ रोजी ते कोरेगावला गेले, आणि त्याच वर्षाच्या मार्च महिन्यात महाडच्या चवदार तळ्यावर. एक पाऊल स्तंभाकडे, दुसरे पाण्याकडे. शौर्याचा पुरावा त्यांनी हक्काच्या दाव्यात जोडला, देव्हाऱ्यात ठेवला नाही.

आणि फौजेने आपल्याला खरे काय दिले? बंदूक दिली, ती काढूनही घेतली. शाळा दिली, ती मात्र कोणाला परत घेता आली नाही. कंपनीच्या पलटणीत शिपायाला आणि त्याच्या मुलांना शिकावे लागे. सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. महूच्या छावणीत १४ एप्रिल १८९१ रोजी ज्या घरी बाबासाहेब जन्मले ते या मास्तर-सुभेदाराचे घर. गोपाळबाबा वलंगकर हे फौजेतून निवृत्त झालेले हवालदार. त्यांनी १८८८ साली 'विटाळ विध्वंसन' लिहिले आणि भरती बंद झाल्यावर १८९४ साली सरकारकडे करायचा अर्ज तयार केला. १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी पुन्हा अर्ज केला. हे अर्ज वकिलाच्या नजरेने पाहिले की थक्क व्हायला होते. पूर्वजांची नोकरी हा पुरावा, भरतीबंदी हा अन्याय, आणि त्यावर मागितलेली दाद. कायद्याची पदवी नसलेल्या पेन्शनरांनी केलेली ही मांडणी! जगातल्या कुठल्याही संचात हातात पुस्तक घेतलेला सुभेदार नाही. आपल्या संचातला पहिला पुतळा तोच असावा.

यापुढचे काम व्यवहाराचे आहे. बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या मूर्ती घडवणारे कारागीर आपल्यात आहेत. त्यांना रेझिन आणि साचा नवा नाही. दोनशे-चारशे रुपयांत बसेल असा संच निघाला तर तो काचेच्या कपाटात अडकणार नाही, विहारातल्या अभ्यासिकेत पोरांच्या हाताला लागेल. पाच पुतळे पुरेत. गडाच्या घेऱ्यातला पहारेकरी, १८१८ चा कोरेगावचा शिपाई, पुस्तकवाला सुभेदार, पहिल्या महायुद्धात १९१७ साली उभ्या राहिलेल्या आणि १९२१ पर्यंत मोडलेल्या १११ व्या महार पलटणीचा जवान, आणि महार रेजिमेंटचा मशीनगनवाला. कंपनीचा गोरा कॅप्टन संचात नको, त्याचे पुतळे त्याच्या देशात पुष्कळ आहेत. प्रत्येक खोक्यात अर्ध्या पानाचा कागद असावा आणि त्यावरचे वर्ष व आकडा जाणकाराने तपासलेला असावा.

मशीनगनवाल्याच्या बाबतीत एक बारकावा आताच सांगून ठेवतो. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. बाबासाहेब त्या वर्षी व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार मंडळावर होते. या रेजिमेंटच्या सुरुवातीच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता. पुढे स्तंभ काढून तेथे कट्यार आली. तेव्हा पुतळा १९४१ चा करायचा असेल तर टोपीवर स्तंभ हवा, आणि १९८७ साली श्रीलंकेत लढून मरणोत्तर परमवीर चक्र मिळवणारे मेजर रामस्वामी परमेश्वरन यांच्या काळातला करायचा असेल तर कट्यार. हे रंगारी ब्रश हातात घेण्याआधी ठरले पाहिजे.