विकताना मराठी, नाकारताना इंग्रजी

गेल्या पावसाळ्यात निपाणीच्या एक बिडी कामगार बाई माझ्या बेळगावच्या कार्यालयात आल्या. हातात एका पॉवर बँकेचे खोके होते. बेळगावात शिकणाऱ्या मुलीसाठी त्यांनी ती एका ऑनलाइन बाजारपेठेवरून 1,800 रुपयांना मागवली होती. सातव्या महिन्यात ती बंद पडली. कंपनीच्या सेवा केंद्राने बिल पाहिले आणि विक्रेता ‘अनधिकृत’ असल्याने हमी लागू नाही, असे सांगून त्यांना परत पाठवले. बाई म्हणाल्या, “वकीलसाहेब, खोक्यावर वर्साची ग्यारंटी लिवलीया म्हणं. आणि आता न्हाई म्हणत्यात. पोरगी सांगती, आतल्या कागदावर इंग्रजीत कायतरी अट हाय.”

तो आतला कागद मी वाचला. भिंगाखाली धरावा लागेल इतक्या बारीक टंकातील ती अट शोधायला, वकिलीत आयुष्य गेलेल्या मलाही काही मिनिटे लागली. याच कंपनीची जाहिरात मात्र दूरचित्रवाणीवर स्वच्छ, गोड मराठीत लागते. ग्राहकाला बोलावताना कंपनीला मराठी येते. जबाबदारी झटकायची वेळ आली की तिला केवळ इंग्रजी आठवते. माझा आक्षेप नेमका येथे आहे.

निपाणीच्या माणसाला हा अनुभव नवा नाही. बिडी कामगार स्त्रियांना ‘छाट’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. दिवसभर वळलेल्या बिड्यांतील कोणत्या चांगल्या आणि कोणत्या वाईट, हे ठेकेदार एकटाच ठरवी आणि नापास ठरलेल्या बिड्यांची मजुरी बुडे. 1966 च्या बिडी व सिगार कामगार कायद्याने नापास मालाच्या वादाचा निवाडा मालकाच्या हातून काढून राज्य शासनाने नेमायच्या प्राधिकरणाकडे दिला, तो याच कारणासाठी. ज्याला नकार देऊन फायदा होतो, त्यानेच नकाराचा निकाल देऊ नये. ‘अनधिकृत’ हा शब्द म्हणजे कंपन्यांनी ग्राहकाच्या माथी मारलेली छाटच होय.

आता कायद्याकडे वळू. आपण बोलताना ‘ग्यारंटी’ म्हणतो, पण 1872 च्या करार अधिनियमात ‘गॅरंटी’ म्हणजे तिसऱ्याच्या देण्याबद्दल दिलेली जामीनकी. मालाच्या गुणवत्तेबद्दलचे वचन म्हणजे ‘वॉरंटी’, आपल्या भाषेत हमी. सुदैवाने 2019 चा ग्राहक संरक्षण अधिनियम या शब्दभेदात ग्राहकाला अडकवत नाही. व्यापाऱ्याने कोणत्याही रीतीने सांगितलेल्या दर्जात माल उणा पडला, तर त्या कायद्याच्या दृष्टीने तो ‘दोष’ ठरतो. शिवाय ‘व्यापारी’ या संज्ञेत उत्पादकही येतो. म्हणजे खोक्यावर छापलेले वर्ष हे कंपनीचेच बोलणे आहे. ते विक्रेत्याच्या गळ्यात बांधून तिला मोकळे होता येणार नाही.

कंपन्यांची बाजू अगदीच पोकळ आहे, असे मी म्हणणार नाही. बाजारात नकली माल आहे आणि नकली मालाची हमी मूळ कंपनीने का द्यावी? परदेशातून समांतर मार्गाने आणलेल्या मालाचाही प्रश्न आहे. सॅमसंगच्या प्रिंटरसंबंधीच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने 2012 मध्ये असा अस्सल माल आणून विकण्यास मोकळीक दिली; मात्र या मालाची हमी सॅमसंग देत नाही, ती विक्रेता देतो, हे दुकानात ठळकपणे लावण्याची अट घातली. त्या निकालातील मर्म आमच्या कामाचे आहे. कंपनीची हमी नसेल, तर ते ग्राहकाला ठळकपणे आणि खरेदीपूर्वी कळले पाहिजे.

बाईंच्या पॉवर बँकेवर कंपनीचाच अनुक्रमांक होता. माल आपला नाही, असे सेवा केंद्रानेही म्हटले नाही. तक्रार होती ती माल कोणाच्या हातून आला याची. खोक्याच्या बाहेर एक वर्षाची हमी ठळक अक्षरांत छापायची आणि तिला निष्प्रभ करणारी अट आत घडी घालून ठेवायची, हा व्यवहार प्रामाणिक कसा म्हणावा? पैसे दिल्यावर उघडणाऱ्या खोक्यातील अट ग्राहकाने खरेदीच्या वेळी मान्य केली, असे मानणे मला तरी जमत नाही.

विक्रेता आणि बाजारपेठ यांचीही सुटका नाही. 2020 च्या ई-वाणिज्य नियमांप्रमाणे विक्रेत्याचे नाव, पत्ता व ग्राहकसेवा क्रमांक बाजारपेठेने दाखवावा लागतो, तर मालाला लागू असलेली हमी विक्रेत्याने सांगावी लागते. बाजारपेठेच्या तक्रार अधिकाऱ्याने 48 तासांत तक्रारीची पोच आणि एका महिन्यात निवारण करायचे असते. म्हणून बिल, खोके, अनुक्रमांक आणि खरेदीच्या वेळच्या पानाचे छायाचित्र जपून ठेवा. सेवा केंद्राने दिलेला नकार लेखी मागा. तक्रार करताना उत्पादक, विक्रेता आणि बाजारपेठ या तिघांनाही पक्षकार करा; नाहीतर प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवील.

कंपनीचे कार्यालय दिल्लीत असो की बंगळुरात, 2019 च्या कायद्याने ग्राहकाला आपल्या राहत्या किंवा कामाच्या जिल्ह्यात तक्रार करता येते. निपाणीकरासाठी ते ठिकाण बेळगावचा जिल्हा ग्राहक आयोग. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, आणि मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची. त्याआधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीत बोलता येते. शासकीय अधिकाऱ्याकडे गाऱ्हाणे मांडताना राज्यघटनेचा अनुच्छेद 350 विसरू नका: संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत निवेदन देण्याचा तो हक्क आहे.

परंतु हा सारा खटाटोप नुकसान झाल्यानंतरचा आहे. मूळ दोष नियमात आहे. आवेष्टित वस्तूंसंबंधीचे 2011 चे वैधमापन नियम सक्तीची माहिती देवनागरीतील हिंदीत किंवा इंग्रजीत मागतात; अन्य भाषा जोडण्यास मुभा आहे, सक्ती नाही. म्हणजे निपाणीच्या मराठी माणसाला जसे त्याच्या भाषेत काही मिळत नाही, तसेच चिकोडीच्या कन्नड माणसालाही नाही. सीमाप्रश्नावर आमचे मतभेद 1956 पासूनचे आहेत आणि महाराष्ट्राचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. पण या एका मागणीत दोन्ही भाषिक एकाच बाकावर बसतात. ज्या भाषेत जाहिरात, त्या भाषेत हमीपत्र, अटींसकट: एवढा साधा नियम केंद्राने करावा.

आपल्या माणसांनाही दोन शब्द सुनावले पाहिजेत. दुकानावरच्या पाटीसाठी आपण रस्त्यावर उतरतो. ते योग्यच आहे. पण खिशातले पैसे नेणारा कागद परक्या भाषेत असला तरी आपण निमूट घडी घालून ठेवतो आणि वस्तू बिघडली की “जाऊ दे, हजार-दीड हजारांचाच प्रश्न आहे” म्हणतो. बिड्या वळून पोट भरणाऱ्या घरात ती रक्कम कित्येक दिवसांची मजुरी असते. हजारो घरांनी असे “जाऊ दे” म्हटले की त्यावरच कंपनीचा हिशेब जुळतो. भाषेचा हक्क केवळ सन्मानासाठी नसतो, तो हिशेब विचारण्यासाठीही असतो.

त्या बाईंची नोटीस मी मराठीत लिहिली आणि सोबत इंग्रजी भाषांतर जोडले. सही त्यांनी स्वतः केली, मजकूर दोनदा वाचून घेतल्यावर. तीन आठवड्यांच्या आत नवी पॉवर बँक घरपोच आली. त्यांनी फोन करून कळवले, आणि लगेच विचारले, “साहेब, ह्यातबी त्योच इंग्रजी कागद हाय. हे कुणाला वाचायला दिलंय?” हा प्रश्न आता कंपनीला आणि दिल्लीतील ग्राहक व्यवहार मंत्रालयाला विचारायचा आहे. बाईंच्या वतीने त्याचे निवेदन मी मराठीतच पाठवले आहे. आपणही पाठवावे.