छोट्या रेल्वेचे डबे: दाम कशाला मोजावा?

ऐरोली स्थानकात आपण लोकलचे रिवेट मोजत नाही. गाडी नीट धावते का, एवढेच पाहतो. हुबेहूब छोट्या रेल्वेचे डबे घेतानाही तेच पाहावे. पुण्यात १९९८ साली जोशी यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय सुरू झाले. तिथेही नजर धावत्या गाडीवरच राहते. शिवाय १:८७ प्रमाणात आपला १६७६ मिलिमीटरचा ब्रॉडगेज सव्वाएकोणीस मिलिमीटर भरतो आणि बाजारात या प्रमाणाचा रूळ मिळतो साडेसोळाचा! मूळ मापातच तडजोड, मग दाराच्या कड्यांसाठी जादा दाम कशाला? धातूची चाके व पक्की जोडणी यांत मात्र कंजुषी नको. इंजिन बारकाव्याचे घ्यावे, मधले डबे साधे चालतील. त्यांवरचा रंग आणि पाट्या आपले पेंटर बांधव सहज करतील. ती मजुरी इथेच राहू द्या.