उपदेश फक्त पत्नीलाच का?

विवाह दुःखी झाला की उपदेश स्त्रीला करावयाचा, ही आपल्याकडील जुनी रीत आहे. नवरा दारुडा असो वा बाहेरख्याली असो, पत्नीने सोसावे आणि गोड बोलून त्याला वळणावर आणावे, हेच पतिव्रताधर्माच्या पोथ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या शिकविले. नवऱ्याने कसे वागावे याला त्या वाङ्मयात जागा फार थोडी.

या दांभिकतेचा पर्दाफाश मराठीत एका स्त्रीने केला, आणि तोही फार लवकर. १८८१ साली सुरतेकडील विजयालक्ष्मी या तरुण विधवेला अनौरस अर्भकाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. पुढे ती कमी करण्यात आली. वृत्तपत्रांतील पंडितांनी मात्र त्या निमित्ताने अवघ्या स्त्रीजातीवर तोंडसुख घेतले. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये 'स्त्रीपुरुषतुलना' लिहून या उपदेशकांनाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. पती हा देव मानावयाचा, तर त्याने देवासारखे वागावयास नको काय? व्यभिचार दोघांचा, मग कलंक एकटीलाच का? १८८५ मध्ये जोतीराव फुले यांनी 'सत्सार'मधून त्यांची बाजू उचलून धरली. परंतु भद्र समाजाने ते पुस्तक असे विस्मृतीत गाडले की त्याची पुढची आवृत्ती निघावयास १९७५ साल उजाडले! एकपत्नीत्वाचे बंधन व्यवहारात केवळ स्त्रीवरच असते आणि त्याचे मूळ खाजगी मालमत्तेत व वारसाहक्कात आहे, हे एंगल्सने मांडले १८८४ मध्ये. ताराबाईंजवळ हे अर्थशास्त्र नव्हते. अनुभव होता.

पुढे १९२७ पासून र. धों. कर्वे यांनी 'समाजस्वास्थ्य'मधून वाचकांच्या कामजीवनविषयक प्रश्नांना निर्भीड उत्तरे दिली. व्यभिचारावरील लेखाबद्दल १९३१ मध्ये त्यांना शंभर रुपये दंड झाला. १९३४ च्या खटल्यात डॉ. आंबेडकर त्यांचे वकील होते, तरी दंड चुकला नाही. कर्व्यांचा उपदेश धीट होता यात शंका नाही. पण तो ऐकून घराबाहेर पडणाऱ्या स्त्रीला भाकरी आणि छप्पर कोण देणार? येथे बुद्धिवादाची धाव संपते.

कायद्यानेही तोच जुना उपदेश केला. १८६० च्या दंडसंहितेतील कलम ४९७ प्रमाणे नवऱ्याच्या संमतीने घडलेला परपुरुषसंबंध गुन्हाच नव्हता, आणि नवऱ्याच्या व्यभिचाराविरुद्ध पत्नीला फिर्यादीचा हक्क नव्हता. म्हणजे अपराध मालकीविरुद्धचा! दिल्लीच्या सर्वोच्च न्यायालयाने २७ सप्टेंबर २०१८ रोजी हे कलम रद्द केले, त्याचे स्वागतच केले पाहिजे. तथापि याच दिल्लीत १९७९ पासून हुंडाबळींविरुद्ध मोर्चे निघाले, तेव्हा जळालेल्या कित्येक मुलींना माहेरच्यांनीच पूर्वी 'जमवून घे' म्हणून परत धाडल्याचे उघड झाले होते. तोच सल्ला आज समुपदेशनाच्या मुलायम भाषेत मिळतो.

आणि आपल्या शाखांत काय घडते? कार्यकर्त्याची पत्नी गाऱ्हाणे घेऊन आली की 'ही खाजगी बाब आहे' असे सांगून तिची बोळवण करणारे कॉम्रेड्स थोडे नाहीत. संपातील फितुरी त्यांना तत्काळ दिसते. घरातील फितुरीवर मात्र त्यांना पोथीतलाच उपदेश आठवतो! अशी तक्रार शाखेच्या कार्यक्रमपत्रिकेवर आलीच पाहिजे, आणि पहिला जाब नवऱ्याला विचारला पाहिजे. कारण विवाहित स्त्रीला फूस लावून नेण्याचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ८४ मध्ये अजून जिवंत आहे, आणि वैवाहिक सहजीवनाच्या पुनःस्थापनेची हिंदू विवाह कायद्यातील तरतूदही १९५५ पासून तशीच आहे.