मतदानाआधीचा माहितीपट

मतदारांचे मन वळवण्यासाठी केलेला माहितीपट हा प्रचाराचाच एक प्रकार आहे. मात्र सभेतल्या भाषणाला मिळणारी सूट त्याला मिळत नाही. भाषण ऐकणारा ते पक्षाचे म्हणून ऐकतो, तर माहितीपट पाहणारा समोरचे सारे घडलेले म्हणून पाहतो. या प्रकाराची ताकद या विश्वासात आहे आणि त्याचा गैरवापरही तिथूनच सुरू होतो.

त्याचे सर्वांत गाजलेले उदाहरण अमेरिकेतले. मायकेल मूर यांच्या ‘फॅरनहाइट ९/११’ला मे २००४ मध्ये कान महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला, जूनअखेर तो चित्रपटगृहांत लागला आणि नोव्हेंबरात अध्यक्षपदाची निवडणूक होती. जॉर्ज बुश पुन्हा निवडून येऊ नयेत हा हेतू मूर यांनी लपवला नव्हता. हेतू उघड असणे हा दोष नव्हे. माहितीपटकाराला मत असतेच.

या चित्रपटातला एक प्रसंग संकलकांनी पुन्हा पुन्हा पाहावा असा आहे. ११ सप्टेंबर २००१ची सकाळ, फ्लोरिडातल्या सारासोटा गावची प्राथमिक शाळा. दुसरे विमान आदळल्याचे बुश यांच्या कानात सांगितले जाते आणि त्यानंतरही ते कित्येक मिनिटे मुलांसमोर बसून राहतात. चित्रीकरण अस्सल आहे आणि त्या चेहऱ्यावर रेंगाळणारा कॅमेरा पुरेसा बोलका आहे. पण त्यावर मूर यांचे निवेदन येते आणि बुश यांच्या मनात त्या वेळी काय चालले असेल याचे तर्क सुरू होतात. दृश्य हा पुरावा, निवेदन हा अंदाज. प्रेक्षकापर्यंत दोन्ही एकाच दमात पोचतात. याच चित्रपटात हल्ल्याच्या क्षणी पडदा काळा ठेवून फक्त आवाज ऐकवला आहे. तिथे कोणताही दावा नाही आणि परिणाम कितीतरी खोल आहे.

चित्रपटाने एकट्या अमेरिकेत सुमारे १२ कोटी डॉलर मिळवले, तरी बुश निवडून आले. २०१२ मध्ये ओबामांविरुद्धच्या ‘२०१६ : ओबामाज अमेरिका’ने तीन कोटींहून अधिक डॉलर कमावले, ओबामाही पुन्हा जिंकले. त्यामुळे असे चित्रपट निष्प्रभ ठरतात असे नव्हे. पण तिकीट काढून येणारा प्रेक्षक बहुधा आधीच त्या बाजूचा असतो, म्हणून गल्ल्यावरून मते मोजता येत नाहीत.

मूर यांच्या चित्रपटाच्या जाहिरातींविरुद्ध ‘सिटिझन्स युनायटेड’ या संस्थेने निवडणूक आयोगाकडे तक्रार केली. ती फेटाळली गेल्यावर संस्था स्वतःच चित्रपट काढू लागली. त्यातल्या ‘हिलरी : द मूव्ही’ या २००८च्या चित्रपटावरून खटला उभा राहिला. प्राथमिक निवडणुकीआधीच्या तीस दिवसांत उमेदवाराचे नाव घेणाऱ्या प्रसारणावर कंपन्यांनी व कामगार संघटनांनी पैसा खर्च करू नये, असा २००२चा कायदा होता. सर्वोच्च न्यायालयाने २१ जानेवारी २०१० रोजी पाच विरुद्ध चार मतांनी ही बंदी रद्द केली. निकालाचा हा भाग सर्वांना ठाऊक असतो. पैसा कोणाचा हे जाहीर करण्याची अट मात्र त्याच निकालात आठ विरुद्ध एक मतांनी टिकली. निर्मात्यांच्या दृष्टीने हा भाग अधिक महत्त्वाचा आहे.

ओबामांवरच्या त्या चित्रपटाचे कर्ते दिनेश डिसूझा मुंबईत, गोमंतकीय कुटुंबात जन्मलेले. त्यांचा ‘टू थाउजंड म्यूल्स’ मे २०२२ मध्ये आला आणि २०२०च्या निवडणुकीत मतपेट्यांत बेकायदा मतपत्रिका भरल्या गेल्या, असा दावा त्याने केला. आधार दोन होते : मोबाइलच्या ठावठिकाण्याची माहिती आणि मतपेट्यांजवळच्या कॅमेऱ्यांतली दृश्ये. त्यात जॉर्जियातला एक माणूस चेहरा धूसर करून गुन्हेगार म्हणून दाखवला होता. तपासात तो कुटुंबीयांच्या मतपत्रिका कायदेशीरपणे टाकत असल्याचे निष्पन्न झाले. २०२४ मध्ये वितरक कंपनीने माफी मागून चित्रपट मागे घेतला. वर्षअखेर डिसूझांनीही त्या माणसाची माफी मागितली. दृश्ये आणि मोबाइलची माहिती यांचा मेळ आपल्याला सांगितला गेला तसा नव्हता, असे त्यांनी मान्य केले. म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी संकलनाच्या टेबलावर शेजारी ठेवल्या गेल्या आणि त्यांतून आरोप तयार झाला. एका निरपराध माणसाला त्याची किंमत मोजावी लागली.

भारतात लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१च्या कलम १२६ नुसार मतदान संपण्याआधीच्या ४८ तासांत निकालावर प्रभाव टाकू पाहणारा मजकूर चित्रपट वा दूरचित्रवाणीवरून दाखवता येत नाही. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. १० एप्रिल २०१९ रोजी निवडणूक आयोगाने आचारसंहितेच्या काळात राजकीय चरित्रपट दाखवण्यास मनाई केली, त्यामुळे ‘पीएम नरेंद्र मोदी’ हा कथापट निकालानंतर, २४ मे रोजी लागला. राजकीय जाहिरातींना आधी प्रमाणपत्र घ्यावे लागते. २०१३ पासून समाजमाध्यमांवरील जाहिरातीही त्यात आल्या. पण कलम १२६ वेळेपुरते आहे. दोन महिने आधी मोबाइलवरून फिरणाऱ्या वीस मिनिटांच्या फितीतले जोडकाम खरे की खोटे, हे ते विचारत नाही.

ते विचारण्याचे काम संशोधक, संकलक आणि निर्माता यांचेच आहे. प्रत्येक दृश्याचे ठिकाण, तारीख आणि मूळ चित्रीकरण नोंदवहीत असावे, अंदाज अंदाज म्हणूनच बोलला जावा आणि पैसा कोणी दिला ते श्रेयनामावलीत स्पष्ट लिहावे. ज्या निर्मात्याला एवढे मान्य नसेल, त्याचे काम व्यावसायिकांनी घेऊ नये.