टायरवरचा कर घटला. पण टायर लवकर गोटा होण्याचं कारण गाडीतच!

सोलापूर : जीएसटीचे नवे दर २२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाले आणि मोटारसायकलच्या टायरवरचा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींचा करही तेवढाच उतरला. दिवाळीत बोलबाला झाला तो नव्या गाड्यांचा. पण सांगोला, माढा, करमाळ्याकडच्या वाड्यावस्त्यांवर आठ-दहा वर्षांची जुनी गाडीच सगळा संसार ओढते. डेअरीचं दूध, खताची गोणी, पोरांची शाळा, बाजार सगळं तिच्यावरच. या माणसाला नवी गाडी नको, टायर हवाय. त्याच्या पदरात नेमकं काय पडलं?

शंभराचा हिशोब

कर १० टक्क्यांनी घटला म्हणजे टायर १० टक्के स्वस्त झाला, असं बऱ्याच जणांना वाटतं. हिशोब तसा नाही. करापूर्वीची किंमत १००० रुपये धरली, तर आधी टायर १२८० ला पडायचा, आता ११८० ला. वाचले १०० रुपये. म्हणजे जुन्या किमतीच्या आठ टक्क्यांच्याही थोडं आतच.

हे शंभर रुपयेही बिल घेतलं तरच कळतात. 'माल जुना आहे, जुनाच रेट लागेल' असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. कर विक्रीच्या दिवसाचा लागतो, टायर कधी बनला त्यावर नाही.

आणखी एक गोष्ट. ट्रॅक्टरच्या मागच्या टायर-ट्यूबवरचा कर १८ वरून ५ टक्क्यांवर आला, कारण ते शेतीचं साधन. मोटारसायकलवरून दूध, बियाणं, फवारणीचा पंप वाहणाऱ्याला मात्र १८ टक्केच. लहान शेतकऱ्याच्या दारात ट्रॅक्टर नसतो, मोटारसायकल असते. कराच्या यादीत हा फरक धरलेला नाही.

खरं नुकसान झिजेत

दोन वर्षं चालायला हवा तो टायर वर्षातच गेला, तर ११८० च्या टायरवर ५९० रुपये बुडाले. कराचे १०० रुपये त्यात कुठल्या कुठे जातात. म्हणून नवा टायर घेण्याआधी जुना कसा झिजलाय ते पाहायला हवं. गाडीचा बिघाड टायरवर लिहिलेला असतो.

मधोमध सपाट : हवा प्रमाणाबाहेर. 'कडक हवा मारली की खड्ड्यात टायर टिकतो' हा गैरसमज आहे. जास्त हवेने टायर मध्ये फुगतो आणि तेवढाच भाग रस्त्याला घासतो. सतत सरळ हायवेवर चालणाऱ्या गाडीचा मागचा टायर मध्ये थोडा जास्त झिजणारच, पण कडा नव्या आणि मध्ये गोटा असेल तर हवा चुकली.

दोन्ही कडा झिजलेल्या, मध्ये नक्षी शाबूत : हवा कमी किंवा ओझं जास्त. दुधाचे कॅन आणि मागे एक माणूस, पण हवा एकट्याची, हे रोजचंच चित्र. कमी हवेत टायर तापतो, बाजूने चिरतो.

एकच बाजू झिजलेली : मागचं चाक तिरकं बसलंय. चेन टाईट करताना ॲक्सलच्या दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेवाव्या लागतात. घाईत एक बाजू पुढे-मागे राहते. खुणा सारख्या असूनही असंच होत असेल तर बुश, रिम किंवा पूर्वी पडलेल्या गाडीची चेसी तपासावी. ओझं रोज एकाच बाजूला टांगत असाल तर तेही कारण आहे.

पुढच्या टायरला खालीवर लाटा : कोनसेट ढिला, बेअरिंग गेलेलं किंवा शॉकअप्सर कमजोर. हँडल थरथरतं ते यामुळेच.

एकाच जागी चट्टा : ब्रेक जोरात दाबून चाक घसरवल्याची खूण. चट्टा नसून ठरावीक ठिकाणीच झीज असेल तर रिम आऊट आहे का, आरे ढिले आहेत का, ते पाहा.

यातलं काही दुरुस्त न करता नवा टायर टाकला, तर तोही तसाच झिजणार. चेन नीट बसवून घेण्याचा खर्च टायरपुढे काहीच नाही. हवेचा आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. एकट्याचा वेगळा, दोघांचा वेगळा. आठवड्यातून एकदा, टायर गार असताना हवा तपासावी.

घेताना काय पाहाल?

साइज जुन्या टायरवर किंवा पुस्तकात पाहा. ८०/१००-१८ म्हणजे रुंदी ८० मिलिमीटर, उंची रुंदीच्या १०० टक्के आणि रिम १८ इंची. रुबाबासाठी एक नंबर जाड टायर बसवला तर तो चेनकव्हरला घासतो, ॲव्हरेज घटतं.

त्यापुढचा आकडा वजनाचा. ४७ असेल तर टायर १७५ किलो पेलतो, ५४ असेल तर २१२ किलो. एकाच मापाचे दिसले तरी पुढचा टायर मागे चालेलच असं नाही. मागचा अर्धा झिजलेला टायर पुढे टाकून नवा मागे बसवायची सवय तर धोक्याचीच. ब्रेक मारताना सगळा भार पुढच्या चाकावर येतो.

कडेवर चार आकडी तारीख असते. २३२५ म्हणजे २०२५ चा २३ वा आठवडा. दुकानात वर्षानुवर्षं पडलेल्या टायरचं रबर कडक होतं. आयएसआय खूण आणि बाण पाहा. बाणाच्या दिशेनेच चाक फिरायला हवं. आऱ्यांच्या रिमला ट्यूब लागतेच. टायर नवा तर ट्यूबही नवी टाका.

चिखलाच्या वाटेला बटण टायर पकड देतो, पण डांबरीवर लवकर झिजतो. रोज किती किलोमीटर डांबर आणि किती पाणंद, त्यावरून ठरवा. जुन्या टायरवर रबर चढवून विकतात तो स्वस्त पडतो, पण मोटारसायकलला दोनच चाकं आहेत.

०.८ मिलिमीटरचा प्रश्न

केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार दुचाकीच्या टायरची नक्षी किमान ०.८ मिलिमीटर हवी. नक्षीच्या खाचेत मधूनमधून रबराचा उंचवटा असतो, कडेवर त्याची खूणही असते. टायर त्या उंचवट्याला टेकला की बदलायचा. खाचेचं काम पाणी बाहेर टाकणं. खाचच नसेल तर ओल्या डांबरावर, गाळपाच्या दिवसांत रस्त्यावर सांडलेल्या उसाच्या पाचटावर गाडी थांबत नाही.

केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ जण गेले. त्यातले ४४.५ टक्के दुचाकीवरचे होते. सगळेच टायरमुळे गेले नाहीत; पण खड्डा, अंधार आणि उसाची ट्रॉली आपल्या हातात नसते, टायर असतो.

सरकारने शंभर रुपये कमी केले, चांगलं झालं. उरलेले पाचशे वाचवायचे तर उद्या सकाळी गाडी मधल्या स्टँडवर लावून मागचं चाक एकदा फिरवून बघा.